आधी स्नॅपशॉट, मग बिनधास्त!

घरात लॅपटॉप एकच. त्यावर ताईचा प्रोजेक्टही आणि बाबांची कामंही. अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. चुकून हार्ड डिस्कच फॉरमॅट झाली तर? मग प्रॅक्टिकल कॉलेजच्या लॅबपुरतंच राहतं.

यावर उपाय आहे व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर. आयडिया तशी जुनी. आयबीएमने १९७२मध्ये आणलेल्या ‘व्हीएम/३७०’मध्ये एकाच मेनफ्रेमवर अनेकांना आपापलं स्वतंत्र मशीन मिळायचं. आज ‘व्हर्च्युअलबॉक्स’ आपल्या लॅपटॉपवर तेच काम फुकटात करतं.

बरेच जण ते माउसनेच चालवतात. पण त्याच्यासोबत ‘व्हीबॉक्समॅनेज’ नावाची कमांडही येते. तिच्यापुढे ‘लिस्ट व्हीएम्स’ लिहा, तुमच्या सगळ्या मशीन्सची यादी समोर. ‘स्टार्टव्हीएम’ला ‘हेडलेस’ जोडलं, की मशीन खिडकी न उघडताच सुरू होतं. एकदा पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवलं की ‘एसएसएच’ने आत शिरायचं. आतलं लिनक्स डेस्कटॉपशिवायचं असेल, तर सरावापुरतं २ जीबी रॅममध्येही भागतं. ८ जीबीचा लॅपटॉप असणाऱ्यांना हा मोठाच दिलासा!

मशीन बंद करताना मात्र जरा जपून. ‘पॉवरऑफ’ म्हणजे थेट प्लग खेचणं. ‘सेव्हस्टेट’ दिलं, तर काम आहे तिथेच थांबतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं.

खरी कमाल आहे ‘स्नॅपशॉट टेक’ची. काहीही प्रयोग करण्याआधी ही कमांड द्यायची. मग आत फाइल्स उडवा, सेटिंग्ज बिघडवा. मशीन बंद करून ‘स्नॅपशॉट रिस्टोअर’ केलं की सगळं पूर्ववत! फक्त स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो त्याच हार्ड डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

‘एवढं टाइप कशाला करायचं?’ असं वाटेलही. पण उद्या नोकरीत जे सर्व्हर सांभाळायचे, त्यांच्यासमोर बहुतेक वेळा ना स्क्रीन असतो, ना माउस. शिवाय दहा मशीन्स सुरू करायला दहा वेळा क्लिक करण्यापेक्षा एक छोटी स्क्रिप्ट बरी. लिनक्सवाल्यांकडे यासाठी ‘व्हर्श’ ही कमांड आहे. भाषा थोडी वेगळी, विचार तोच.

बिघडवायची भीती गेली, की शिकणं आपोआप सुरू होतं. या वीकेंडला एक मशीन बनवा, स्नॅपशॉट घ्या आणि मनसोक्त मोडतोड करा. ताईचा प्रोजेक्ट सेफ आहे!