पवनार: सेवाग्रामच्या वाटेवरचा थांबा नव्हे

वर्धा फिरायला येणाऱ्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी सेवाग्राम, दुपारी शहरात जेवण आणि नागपूरला परतताना वाटेत अर्धा तास पवनार. धाम नदीचा पूल ओलांडायचा, आश्रमात डोकावायचं, नदीकाठी फोटो काढायचे आणि निघायचं. या घाईमागे पवनारबद्दलचे काही पक्के गैरसमज आहेत. ते दूर झाले तर माणूस निदान अर्धा दिवस इथे काढेल असं मला मनापासून वाटतं.

पहिला गैरसमज म्हणजे सेवाग्राम आणि पवनार यांची सरमिसळ. सेवाग्राम गांधीजींचं. १९३६ साली ते तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. बापूकुटी आहे ती तिथे. पवनार विनोबा भाव्यांचं. १९३८ साली प्रकृती पार ढासळली तेव्हा हवापालटासाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी त्यांनी धामच्या काठावरचा जमनालाल बजाजांचा बंगला पसंत केला. वर्धा शहरापासून पवनार नागपूर रस्त्यावर साधारण आठ किलोमीटरवर आहे, तर सेवाग्रामचा रस्ता वेगळा. गांधीजींचा इथल्या नदीशी संबंध आहे तो अस्थिविसर्जनाचा. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांच्या अस्थींचा काही भाग धाम नदीत विसर्जित झाला. म्हणून नदीवर स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी इथे सर्वोदय मेळा भरतो. त्या स्मारकाला कुणी समाधी म्हणतं, ते चूक आहे.

विनोबांच्या भूदान चळवळीची सुरुवात पवनारला झाली, असंही बरेच जण सांगतात. जमिनीचं पहिलं दान मिळालं ते १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत. पवनारहून विनोबा पायी निघाले होते ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. पोचमपल्ली पुढे घडलं. नंतर त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीकडे ते पवनारहूनच चालत निघाले. पवनारच्या नावावर निर्विवादपणे जमा आहे ती दुसरीच घटना. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण विनोबांनी या गावात केलं. पहिले सत्याग्रही कोण, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. गावाचं नाव मात्र कुणाला आठवत नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: विनोबांच्या आधी पवनार म्हणजे एक साधं खेडं होतं आणि पाहण्यासारखं जे काही आहे ते आश्रमापुरतं. आश्रमातल्या भिंतींत आणि ओवऱ्यांत बसवलेली दगडी शिल्पं नीट पाहिली की हा समज टिकत नाही. ही शिल्पं कुठून विकत आणलेली नाहीत. तब्येत सुधारावी म्हणून विनोबा रोज थोडा वेळ इथली जमीन खणत आणि त्या खोदकामात एकेक मूर्ती वर आली. त्यांतलीच एक राम-भरत भेटीची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देताना विनोबांनी राम आणि भरत यांच्या भेटीचं चित्र कुणा चित्रकाराने काढावं अशी इच्छा बोलून दाखवली होती. तेच दृश्य त्यांना पवनारच्या मातीत दगडात कोरलेलं सापडलं आणि आश्रमात भरत-राम मंदिर उभं राहिलं. शिल्पापाशी थांबा. कडा झिजल्या आहेत, पण दोन भावांची जवळीक अजून स्पष्ट दिसते.

ही शिल्पं वाकाटक राजवंशाच्या काळातली, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. वाकाटकांचा राजा दुसरा प्रवरसेन याने वसवलेली राजधानी प्रवरपूर म्हणजेच हे पवनार, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. इथल्या शिल्पांत त्यांना रामकथेतले प्रसंग दिसले. सेतुबंध हे महाराष्ट्री प्राकृतातलं रामकथेवरचं काव्य याच प्रवरसेनाच्या नावावर आहे, हे लक्षात घेतलं की त्यांच्या मांडणीतली ओढ कळते. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने इथे उत्खनन केलं आणि वस्ती फार जुनी असल्याचं सिद्ध झालं. मात्र प्रवरपूर पवनारच, हे गाइड ज्या ठामपणे सांगतात तितकं ठरलेलं नाही. रामटेकजवळच्या मनसरला मोठं उत्खनन झाल्यापासून अनेक अभ्यासकांचा कौल तिकडे आहे. शिल्पांतले प्रसंग नेमके कोणते, यावरही एकमत नाही. यामुळे पवनारचं मोल तसूभरही कमी होत नाही. राजधानी असो वा नसो, इतक्या जवळून आणि मोकळेपणाने वाकाटक शिल्प पाहायला विदर्भात फार थोड्या ठिकाणी मिळतं.

आश्रमाला संग्रहालय समजून लोक आत शिरतात, मोठ्याने बोलतात, खोल्यांत डोकावतात. तिथे माणसं राहतात. १९५९ साली विनोबांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, स्वतःच्या श्रमावर जगावं, निर्णय सर्वानुमते घ्यावेत, ही त्यामागची कल्पना. शेती, स्वयंपाक, सफाई, प्रार्थना असा तिथला दिनक्रम. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्न, पाणी आणि औषध सोडलेल्या विनोबांनी इथेच देह ठेवला. म्हणून आत जाताना पादत्राणं काढा, आवाज खाली ठेवा, फोटोआधी विचारा. विष्णुसहस्रनामाचा पाठ चालू असेल तर एका बाजूला बसून ऐका.

खाण्याबद्दलचे गैरसमज तर विदर्भाबाहेरच्या माणसांत घट्ट रुजलेले. विदर्भ म्हणजे सावजी आणि सावजी म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारा तिखट रस्सा! सावजी ही मुळात नागपूरच्या विणकर कोष्टी समाजाची पाककला. ती उत्तम आहे, पण वर्ध्याच्या घरातलं रोजचं जेवण वेगळं. ज्वारीची भाकरी, झुणका, तुरीचं वरण, जवसाची चटणी, हिवाळ्यात भरीत. गोळाभात तर अजिबात जहाल नसतो. जाडसर भरडलेल्या डाळीचे वाफवलेले गोळे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी सढळ हाताने ओतायची. पाटवडीचा रस्सा झणझणीत असतो खरा, पण त्यातही चव वडीची. बेसन शिजवून ताटात थापतात, वर खसखस आणि खोबरं भुरभुरवतात, वड्या कापतात आणि अगदी वाढताना रश्शात सोडतात. आधीपासून सोडून ठेवल्या तर त्या फुटतात. ज्या खानावळीत त्या आयत्या वेळी सोडतात तिथे बसावं. आणि सांभारवडीला दाक्षिणात्य समजून नाक मुरडू नका. इकडे सांभार म्हणजे कोथिंबीर आणि ती वडीत ठासून भरलेली असते.

घरी नेण्यासाठी सगळे संत्रा बर्फी घेतात. ती नागपूरची. वर्ध्याची स्वतःची ओळख गोरसपाक. गाईच्या दुधातुपातला, बिस्किटासारखा पण त्याहून भुसभुशीत. शहरातल्या गोरस भांडारात तो मिळतो. गोरस भांडार गांधीजींच्या काळातल्या गोसेवेच्या कामातून उभं राहिलं. दुसरी वस्तू हळद. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रंग गडद, वास तीव्र. नेहमीपेक्षा कमी घातली तरी पुरते.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. सेवाग्राम रेल्वे स्थानकावर उतरलं की आश्रम समोरच असेल असं धरून चालू नका. ते वर्धा शहरालगतचं स्थानक आहे, पूर्वीचं वर्धा ईस्ट, आणि पुढे रिक्षा किंवा बस लागतेच. आणि वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, पाहुण्यांनाही तीच लागू. यायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. डिसेंबर-जानेवारीत ओळखीच्या कुणाच्या शेतात जाता आलं तर ज्वारीचा हुरडाही मिळेल.