थांबू शकेल त्याचा भाव

भाव कोण ठरवतं? हा प्रश्न एखाद्या गृहिणीला विचारला, तर ती म्हणेल भाजीवाला. भाजीवाला वाशीच्या बाजाराकडे बोट दाखवील. वाशीतला व्यापारी म्हणेल, आवक कशी आहे त्यावर. आणि शेतकऱ्याला विचाराल, तर तो म्हणेल, मी सोडून बाकी सगळे! प्रत्येकाच्या उत्तरात थोडं तथ्य आहे. पण माल मुबलक असताना भाव ठरणं वेगळं आणि टंचाईत ठरणं वेगळं. टंचाईतल्या घासाघिशीचा एक साधा नियम आहे. तो समजला, की कांद्याच्या भावाच्या बातम्या वाचताना आपल्याला पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. त्या नियमाबद्दल आज बोलू या.

आधी बाजार पाहू. आपण ज्याला वाशी मार्केट म्हणतो, ते खरं म्हणजे तुर्भ्याच्या हद्दीत आहे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. दक्षिण मुंबईतल्या अरुंद गल्ल्यांतली ट्रकची कोंडी सोडवायची आणि नव्या शहराला रोजगार द्यायचा, अशा दुहेरी हेतूनं घाऊक बाजार खाडीपलीकडे नेले गेले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये आला. भाजीपाला आणि फळं १९९६ मध्ये आली. धान्य आणि मसाल्यांचे बाजार धरून आज तिथे पाच बाजार आहेत. मुंबई झोपलेली असते तेव्हा इथे नाशिक, पुणे, सातारा आणि परराज्यांतून आलेले ट्रक रिकामे होत असतात. माथाडी कामगार पाठीवरून गोणी उतरवतात आणि उजाडायच्या आत किरकोळ विक्रेत्यांचे टेम्पो भरू लागतात.

या सगळ्या धावपळीत मालाचा मालक, म्हणजे शेतकरी, बहुतेक वेळा तिथे नसतोच. त्याच्या वतीनं माल विकतो तो अडत्या. विक्री झाली की तो हिशेबाची पट्टी पाठवतो. किती गोणी, काय भाव, गाडीभाडं किती, हमाली-तोलाई किती, हे सगळं त्या पट्टीवर असतं. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचं फळ या एका कागदावर येतं.

आता घासाघीस कशी चालते ते पाहा. फळबाजारात आंब्याच्या हंगामात एक जुनी रीत अलीकडच्या वर्षांपर्यंत दिसत आली आहे. विकणारा आणि घेणारा हातात हात घालतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव बोलतात. एक बोट धरलं की एक. पण हे एक म्हणजे शंभर की हजार, ते दोघांनाही मालाकडे बघून कळलेलं असतं. तोंडानं एक शब्द नाही. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला सौदा किती रुपयांना झाला, याचा पत्ता लागत नाही. कृषी पणनाच्या पुस्तकांत हिला ‘हत्ता पद्धत’ म्हणतात.

बघायला हे मोठं गमतीचं वाटतं. पण यात शेतकऱ्याचं काय होतं? माल कितीला गेला हे त्याला फक्त पट्टीवरून कळतं. म्हणून कायद्यानं उघड लिलावाचा आग्रह धरला. ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली आपल्याच वऱ्हाडात, कारंज्याला सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६३ चा महाराष्ट्राचा पणन कायदा आला. उघड लिलाव, खरं वजन आणि मालाचे पैसे त्याच दिवशी, ही या सगळ्यामागची त्रिसूत्री होती. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून व्यापारी मोठ्यानं बोली लावत पुढे सरकतात, ते याच विचाराचं फळ.

पण बोली उघड झाली म्हणजे घासाघीस बरोबरीची झाली का? नाही. कारण दोघांपैकी एकाला घाई असते.

इथे मी तुम्हाला वाशीहून जरा दूर नेतो. २००२ साली अमेरिकेत ‘फायरफ्लाय’ नावाची एक दूरचित्रवाणी मालिका आली. तिचा प्रकार म्हणजे अंतराळातला वेस्टर्न. घोडे, पिस्तुलं, ओसाड वस्त्या, कायदा फार दूर, असं सगळं वेस्टर्न सिनेमासारखं. फक्त गावांच्या जागी ग्रह आणि गाडीच्या जागी अंतराळयान. आपल्या ‘शोले’चं रामगढ दुसऱ्या एखाद्या ग्रहावर नेऊन ठेवा, म्हणजे कल्पना येईल. तिच्या पहिल्या, दोन तासांच्या भागात एका छोट्या यानाचे लोक एका सोडून दिलेल्या यानातून पेट्या काढून आणतात. पेट्यांत सोनं नाही, हिरे नाहीत. आहेत पौष्टिक अन्नाच्या वड्या. एका वडीत एक कुटुंब महिनाभर जगेल, इतकं सत्त्व. दूरच्या वस्त्यांवर अन्न दुर्मीळ, तेव्हा हा माल सोन्याहून मोलाचा.

तरीही तो विकताना त्यांच्या नाकी नऊ येतात. वड्यांवर सरकारी शिक्का असतो, म्हणून ठरलेला गिऱ्हाईक शब्द फिरवतो. यानात एक मुलगी जखमी, जहाजावर सरकारी माणूस घुसलेला, मागे लुटारूंची भीती. शेवटी एका उजाड उपग्रहावरच्या म्हातारीला माल विकायचं ठरतं. पूर्वी एकदा हिनंच कप्तानावर गोळी झाडलेली असते. तिचं नाव आहे पेशन्स, म्हणजे धीर! माल मोलाचा यांच्याकडे, पण धीर तिच्याकडे. दुसरीकडे जायला यांना वाव नाही, हे ती ओळखून आहे.

कप्तान मात्र एक शहाणपणा करतो. सौद्याच्या जागी तो नमुन्याची एक वडी घेऊन जातो आणि बाकीचा माल दूर पुरून ठेवतो. पैसे हातात पडल्यावर जागा सांगू, असं म्हणतो. माल समोर नसला, की तो हिसकावता येत नाही आणि पडेल भावानं मागताही येत नाही. पुढे गोळीबार व्हायचा तो होतोच. वेस्टर्न आहे, नाही का!

या गोष्टीतलं मर्म अर्थशास्त्रानंही सांगितलं आहे. १९८२ साली इस्रायली अर्थशास्त्रज्ञ एरियल रुबिनस्टाईन यांनी घासाघिशीचं गणित मांडलं. दोघं आळीपाळीनं भाव सांगत आहेत आणि उशीर झाला की दोघांचंही नुकसान होतं, असं धरा. तर उशिराचा फटका ज्याला कमी बसतो, त्याच्या पदरात मोठा वाटा पडतो. आपल्या भाषेत, ज्याला थांबता येतं त्याचा भाव. कुणाचा माल चांगला, कुणाचे कष्ट जास्त, याला त्या घटकेला महत्त्व राहत नाही.

हा नियम घेऊन पुन्हा बाजारात या. मेथी-कोथिंबिरीचा ट्रक पहाटे उभा आहे. उन्हं चढली की माल माना टाकणार. परत न्यायचा तर भाडं दुप्पट. त्या ट्रकवाल्याला थांबता येत नाही आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. ज्या शेतकऱ्यानं हंगामाच्या सुरुवातीला अडत्याकडून उचल घेतली आहे, त्याला तर दुसऱ्या गाळ्याकडे बघायचीही सोय नाही. अडत्याचीही एक बाजू आहे. तो किरकोळ विक्रेत्याला उधारीवर माल देतो, ती उधारी बुडाली तर झळ त्याला बसते. पण त्याच्याजवळ थांबायला भांडवल असतं आणि शेतकऱ्याजवळ बहुधा नसतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. ते त्यानं मनिऑर्डरनं थेट पंतप्रधानांना पाठवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला. आणि या दोन घटनांच्या मधल्या काळात, डिसेंबर २०१९ मध्ये, मुंबईत कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. पीक तेच, बाजार तेच. बदलला तो फक्त थांबू शकणारा माणूस.

मग शेतकऱ्याला थांबण्याची ताकद कशी येते? इथे कांद्याची जात आणि हंगाम समजून घ्यायला हवा. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा ऑक्टोबरनंतर बाजारात येतो. तो टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. एप्रिल-मेच्या सुमाराला निघणारा उन्हाळ कांदा मात्र हवेशीर चाळीत चार-पाच महिने राहतो. देशाच्या कांद्यात निम्म्याहून बराच मोठा वाटा या उन्हाळ कांद्याचा आहे आणि पावसाळाभर आपण तोच खातो. ही कांदाचाळ म्हणजे त्या कप्तानानं पुरून ठेवलेला माल. माल आहे, पण बाजारात उभा नाही. म्हणून पडेल भावानं मागता येत नाही. अर्थात चाळीलाही किंमत आहे. सुकून आणि सडून एक तृतीयांशाच्या आसपास माल जाऊ शकतो. अवकाळी पावसात भिजलेला कांदा तर चाळीत टिकतच नाही.

दुसरी ताकद माहितीची. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल फोन पोहोचले. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागे, तर थोड्या अंतरावरच्या बंदरावर तीच महाग असे. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारून होडी वळवू लागले. मासळी वाया जाणं थांबलं, बंदराबंदरांतला भावाचा फरक आटला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुमाल बाजूला झाला की काय होतं, याचं हे उत्तम उदाहरण.

तिसरा खेळाडू सरकार. टंचाई झाली की सरकार निर्यात रोखतं, साठ्यावर मर्यादा घालतं. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी आली. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी मर्यादा घातली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात पुन्हा बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि उरलंसुरलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. साठेबाजाला थांबू द्यायचं नाही, हा यामागचा विचार. पण निर्यात थांबली की चाळीत माल ठेवून बसलेल्या शेतकऱ्याचंही थांबणं फुकट जातं. चार महिने सड सोसून त्यानं जे कमावायचं, ते एका आदेशानं जातं. म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. त्यापेक्षा सरकारनं स्वतः साठा करून टंचाईत तो बाजारात आणणं, हा उपाय सौम्य. २०२३ मध्ये या साठ्याचं उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेलं आणि शहरांत २५ रुपये किलोनं विक्री झाली. मात्र हा साठा सुगीत रास्त भावानं घेतला गेला, तरच शेतकऱ्याला त्याचा उपयोग.

आणि आपण, खाणारे? आपल्यातही थांबू शकणारे आणि न थांबू शकणारे आहेत. कांदा महागला तर आपण कांदाभजी चार आठवडे लांबवू. पण भाकरीबरोबर कांदा हेच ज्याचं कालवण, त्यानं काय लांबवायचं? अन्नाच्या बाबतीत भुकेला माणूस सर्वांत कमी थांबू शकतो. म्हणून काही वेळा समाजाला घासाघीसच बाजूला ठेवावी लागते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं ते याच कारणानं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं लाभार्थी कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य दिलं, त्यामागंही हेच तत्त्व आहे. पोटापुरत्या धान्यासाठी कुणाला सौदा करावा लागू नये.

पुढच्या वेळी कांदा कडाडल्याची बातमी आली, तर तीन गोष्टी पाहा. महिना कुठला आहे, म्हणजे बाजारात टिकणारा कांदा आहे की न टिकणारा. उन्हाळ कांदा चाळीत जाताना पाऊस झाला होता का. आणि निर्यातीचा ताजा आदेश काय आहे. या तिन्हींवरून भाव किती दिवस चढा राहील, याचा अंदाज तुम्हालाही बांधता येईल. आणि तोवर घरात लागेल तेवढाच कांदा आणा. भीतीपोटी पाच किलो जास्त घेणारा प्रत्येक जण त्या भावात स्वतःची भर घालत असतो, आणि ती भर सोसावी लागते ती रोज पाव किलो घेणाऱ्याला.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)