पालथी बादली
घरातलं पाळणाघर : लेखांक नववा

एका बाईने एका वेळी किती मुलं सांभाळावीत, तो हिशेब या आठवड्यात मांडणार होतो. तो पुढे ढकलतो आहे. कारण सावद्याच्या एका ताईंचं पत्र आलं आणि ते काही डोक्यातून जाईना. ताई आपल्या घरी शेजारपाजारची पाच मुलं सांभाळतात. त्यांच्या आयांपैकी दोघी निंदणीला जातात, बाकीच्या नोकरीवर. ताई लिहितात : "भाऊ, तुम्ही झोपेचं लिहिलं, खाऊचं लिहिलं, फवारणीच्या बाटल्या कुठे ठेवायच्या तेही लिहिलं. पण आमच्याकडे चैत्र-वैशाखात दिवसभर कूलर चालतो, आणि घरात जिकडेतिकडे पाणी भरून ठेवलेलं. त्याचं सांगा ना."

आठ लेख झाले आणि पाण्याचं राहूनच गेलं होतं. बाहेरच्या देशांतल्या नियमावल्यांत पोहण्याच्या तलावाला कुंपण किती उंच असावं, फाटकाची कडी कुठल्या बाजूला असावी, याचा बारीक विचार असतो. आपल्याकडे तलाव न्हाणीत असतो. नळ रोज येईलच असं नाही, म्हणून आला की टिपाड, हंडे, बादल्या, टब सगळं काठोकाठ भरून ठेवायचं, ही आपल्या गावांची जन्माची सवय. घरात मोठी माणसंच असतील तर ती शहाणपणाची सवय आहे. रांगणारं मूल घरात असेल, तर तीच भांडी नीट पाहावी लागतात.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका घरी बसलो होतो. सांभाळणारी मावशी भाकरी थापत होती, मुलं ओसरीत खेळत होती. दीड वर्षाचं एक पोरगं न्हाणीच्या दाराशी गेलं. बादलीत स्टीलचा पेला तरंगत होता. त्याने बादलीचा काठ धरला, पोट काठावर टेकवलं, हात लांबवला, आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. मी धावलो, म्हणून निभावलं. मावशी चुलीपाशी, न्हाणीपासून चार पावलांवर होती. तिला काहीही ऐकू आलं नव्हतं, आणि तिचा त्यात दोष नव्हता, कारण आवाज झालाच नव्हता. बुडणारं मूल ओरडत नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर ओरडायला श्वास उरत नाही.

यामागे शरीराची साधी घडण आहे. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा. त्यामुळे लहान मुलाचा भार वरच्या अंगाला असतो. ते वाकलं की डोक्याकडूनच जातं, आणि स्वतःला परत वर रेटण्याइतकं बळ त्याच्या दंडात नसतं. प्लास्टिकची बादली रिकामी असेल तर निदान कलंडते. भरलेली हलत नाही. वीतभर पाणीही पुरतं.

यावर सगळ्यात मोलाचं काम बांगलादेशात झालं. तिथे दारात तळं असतं. अभ्यास करणाऱ्यांना दिसलं, की लहान मुलं बुडतात ती बहुतेक सकाळी, आई घरकामात असताना. म्हणून त्यांनी गावातल्याच बाईच्या घरात, सकाळी ९ ते दुपारी १, आठवड्यातले सहा दिवस चालणारी पाळणाघरं काढली. नाव दिलं 'आंचल', म्हणजे पदर. सांभाळणाऱ्या बाईला 'आंचल मा' म्हणतात, आणि तिच्या हाताखाली एक मदतनीस असते. या घरांत येणाऱ्या मुलांचं बुडून मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलं. तिथे ना भारी इमारत होती, ना महागडी खेळणी. ठरलेले चार तास नजर मुलांवर ठेवणारी बाई होती. शाळेआधीच्या वयाच्या मुलांसाठी अशा सांभाळाच्या जागा असाव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आता करते. सावद्याच्या ताई घरात जे करतात ते किती मोठं काम आहे, हे त्यांना कळावं म्हणून एवढं लिहिलं.

आता कूलर. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी, मोटर आणि उघडा पत्रा एकत्र नांदतात. पाण्यातल्या पंपाची वायर खरचटली, की पाण्यात आणि पत्र्यात वीज उतरते. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीत जाते. पण आपण तीन पिनांच्या जागी दोन पिना जोडतो, किंवा बोर्डात तिसरी पिन असते आणि तिच्यामागे तारच नसते. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं मूल गार वाऱ्यासाठी जाळीला हात लावतं. नेहमीचा एमसीबी अशा वेळी पडत नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला लागणारा प्रवाह त्याच्या हिशेबी फार थोडा असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी लागतो. पाळणाघर चालवणाऱ्या घराने खेळण्यांवर एक रुपया खर्च करण्याआधी हा बसवावा, असं माझं ठाम मत आहे.

ताई, तुमच्यासाठी नेम सांगतो. वापरलेली बादली पालथी घालायची, रिकामी उभी ठेवायची नाही. टिपाडाला घट्ट झाकण, मुलाला उचलता येणार नाही असं. फळी किंवा ताट चालत नाही. न्हाणीला बाहेरून, मुलाच्या हाताच्या वर कडी. कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर, आतून मुलाचा हात जाळीला लागणार नाही असा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन उपटून काढायची. वायरमनकडून अर्थिंग दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तपासून घ्यायचं. आणि तुम्ही स्वयंपाकाला वळलात, की मुलांकडे बघणारं दुसरं मोठं माणूस घरात हवं. आठ वर्षांची थोरली बहीण हे मोठं माणूस नव्हे.

तरीही घडलंच, तर बुडालेल्या मुलाला उलटं धरून पाणी काढत बसू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शॉक बसला असेल तर आधी मेन स्विच, मग मूल. हे हातांना शिकवावं लागतं, वाचून जमत नाही. जवळच्या डॉक्टरांना विनंती करून एकदा सराव करून घ्या.

किती मुलांमागे किती माणसं, ते पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर प्रत्येक वाचकाने एक करावं : आज संध्याकाळी आपल्या घरात गुडघ्यावर बसून, दीड वर्षाच्या मुलाच्या उंचीवरून, कुठे कुठे पाणी उघडं आहे ते मोजावं. आणि उठताना न्हाणीतली बादली पालथी घालावी.