एकच सोंगटी, दोन किमती

रमीत सिक्वेन्स जुळले की डाव लागला. जपानी माहजोंगमध्ये एवढ्याने भागत नाही. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी अशा १४ सोंगट्या जुळल्या, तरी त्यांत निदान एक 'याकू' असावाच लागतो. याकू म्हणजे नियमात मान्य असलेली अट. ती पूर्ण केली की 'हान' मिळतात. एकाच हातात अनेक अटी बसल्या की हानांची बेरीज होते.

बेरीज हानांची, गुण मात्र जवळपास दुपटीने चढतात. डीलर नसलेल्या खेळाडूने दुसऱ्याने टाकलेली सोंगटी उचलून साधा हात संपवला, तर एका हानाला १००० गुण, दोनाला २०००, तिनाला ३९०० आणि चाराला ७७००. पाच हानांना मात्र ८००० वर बांध घातलेला आहे. या टप्प्याला 'मानगान' म्हणतात.

समजा, चिनी अंकांचे २-३-४, वर्तुळांचे २-३-४ आणि ६-७-८, बांबूच्या ८ ची जोडी आणि बांबूचे ३-४ हातात आहेत. बांबूचा २ किंवा ५ आला की हात पूर्ण. खेळाडूने १००० गुणांची काडी मांडून 'रीची' जाहीर केली आहे, म्हणजे आता एकच सोंगटी हवी अशी घोषणा; त्यानंतर हात बदलता येत नाही. समोरून ५ पडला तर तीन याकू: रीची, तान्याओ (सगळ्या सोंगट्या २ ते ८ मधल्या) आणि पिन्फू (सगळे सिक्वेन्सच, साधी जोडी, दोन्ही टोकांना खुली वाट). तीन हान, ३९००. २ पडला तर मात्र तिन्ही रंगांत २-३-४ जुळते आणि सान्शोकूचे दोन हान वाढतात. थेट ८०००! तोच २ स्वतः भिंतीतून (न वाटलेल्या सोंगट्यांच्या रांगेतून) उचलला, तर त्सुमोचा आणखी एक हान मिळून १२,०००.

आता तोच हात घाईने लावू. वर्तुळांचा ३ शेजाऱ्याकडून 'ची' म्हणून घेतला की हात उघडा पडतो. रीची गेली, पिन्फू गेला, सान्शोकू दोनावरून एकावर आला. उरले तान्याओ आणि सान्शोकू, म्हणजे बांबूचा २ पडूनही २००० च. कधी कधी ही घाई शहाणपणाची असते, पण नवखे खेळाडू ती फार स्वस्तात करतात.

काही अटींचे एकमेकींशी मुळातच पटत नाही. तान्याओत ड्रॅगन (अंक नसलेली सोंगटी) चालत नाही, म्हणून ड्रॅगनच्या त्रिकुटाचा हान त्याला जोडता येत नाही. चार गटांच्या नियमाला अपवाद असलेल्या सात जोड्यांच्या हातात सिक्वेन्स नसल्याने पिन्फू बसत नाही. संपूर्ण एका रंगाचा हात असेल, तर 'अर्धा रंग' (एक रंग आणि बिनअंकी सोंगट्या) त्यात वेगळा मोजत नाहीत.

दोराची, म्हणजे बोनस सोंगटीची, गोष्ट निराळी. भिंतीतली एक उलगडलेली सोंगटी दोरा ठरवते. हातातल्या प्रत्येक दोराला एक हान. पण दोरा हा याकू नव्हे. चार दोरा असूनही याकू नसलेला हात जिंकत नाही. लेखक किकुची कान ज्याचे पहिले अध्यक्ष होते, त्या १९२९ च्या जपान माहजोंग महासंघाच्या पारंपरिक नियमांत रीचीही नाही आणि दोराही नाही. हे दोन्ही रुजले ते युद्धोत्तर जपानमध्ये.

आता वरचे टोक. घरगुती खेळात १३ हान झाले की बहुधा याकुमानचे, म्हणजे सर्वांत मोठ्या, दुर्मिळ हाताचे, ३२,००० मिळतात. २०१८ साली सुरू झालेल्या व्यावसायिक एम-लीगमध्ये मात्र अशी बेरीज २४,००० वरच थांबते. ३२,००० हवे असतील तर खरा याकुमान रचावा लागतो. मला हा नियम पटतो. दोरांचा ढीग नशिबाने लागतो आणि एकदा रीची लावली की त्यात खेळाडूची करामत फारशी उरत नाही.