माड बोडका करून वादळ टळत नाही

एप्रिल सरत आला की किनारपट्टीवरच्या वाड्यांत आणि मुंबईतल्या सोसायट्यांत माड साफ करून घेण्याची लगबग सुरू होते. नारळ उतरवणारा पाडेली वर चढतो आणि खालून फर्मान सुटते, 'चांगला मोकळा कर.' मग वाळक्या झावळ्यांबरोबर हिरव्याही खाली येतात आणि शेंड्याला उभ्या सात-आठ झावळ्या तेवढ्या उरतात. यामागचा हिशेब सरळ असतो: झावळ्या कमी म्हणजे वाऱ्याला पकड कमी. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ आणि पुढच्याच मे महिन्यात कोकणाला घासून गेलेले तौक्ते यांत ज्यांनी आपल्या माड-पोफळी आडव्या झालेल्या पाहिल्या, त्यांना ही भीती वाटणारच. पण हा हिशेब आंब्या-फणसाचा आहे. माडाला तो लावला, तर झाड वाचण्याऐवजी कमजोर होते.

आंब्याची फांदी छाटली तर तिथे साल भरून येते, दुसरीकडून धुमारे फुटतात. माडाला ही सोय नाही. त्याची वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. तो गेला की झाड गेले. खोडाच्या जखमेवर नवी साल चढत नाही. नीट पोसलेल्या माडावर साधारण तीसेक झावळ्या असतात, महिन्याला जेमतेम एक नवी येते, आणि प्रत्येक झावळीच्या बगलेतून एक पोय, म्हणजे फुलोरा, निघते. नारळांची पेंड भरली की तिचा भार खालच्या झावळीच्या देठावर टेकलेला असतो. म्हणजे एका दुपारी दहा हिरव्या झावळ्या उतरवल्या, तर जवळपास वर्षभराची वाढ आणि दहा पेंडींचा आधार गेला. नुकसान तेवढ्यावरही थांबत नाही. जुन्या होत चाललेल्या झावळ्यांतले पालाश झाड नव्या पानांकडे वळवत असते. त्या अकाली कापल्या की कमतरता वरच्या पानांत दिसू लागते. वर्षानुवर्षे असेच चालले, तर त्या काळात तयार होणारे खोड बारीक राहते, आणि माडाचे खोड मागाहून जाड होत नसल्याने ही बारीक मान कायमची उरते. पुढच्या एखाद्या वादळात झाड तिथेच मोडण्याचा धोका असतो.

'ते पुढचे पुढे. यंदाच्या वादळात तरी हलके झाड टिकेल ना?' हा आक्षेप रास्त आहे, पण वारा तसा वागत नाही. माडाची झावळी ताठ फळीसारखी वाऱ्याला तोंड देत नाही. तिची पाती मिटतात, ती वाऱ्याच्या दिशेने वळते, आणि सगळ्या झावळ्या मिळून मधल्या कोवळ्या कोंबाभोवती गर्दी करून असतात. खालच्या झावळ्या काढल्या की उरतात त्या नेमक्या कोवळ्या, उभ्या आणि निराधार, आणि सगळा झोत शेंड्यावर बसतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात अशा बोडक्या छाटणीला 'हरिकेन कट' असे वादळाचेच नाव पडले आहे. तिथल्या विद्यापीठाचे कृषी विस्तार तज्ज्ञ मात्र त्याविरुद्ध सतत बजावत आले आहेत, कारण अशा झाडांचे शेंडे वादळात अधिक मोडतात. त्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. शेंडा म्हणजे घड्याळाची तबकडी धरली, तर नऊ आणि तीनच्या रेषेच्या वरची एकही हिरवी झावळी कापायची नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. झाडाचे काहीही होवो, खालच्या माणसांचे काय? न सोललेला नारळ किलो-दीड किलोचा असतो, आणि साठ फुटांवरून सुटला तर जमिनीशी येईपर्यंत त्याचा वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटरच्या घरात जातो. म्हणूनच रस्त्यालगतच्या, घराच्या कौलांवर किंवा पत्र्यांवर झुकलेल्या माडावरचे तयार नारळ, लोंबत्या वाळक्या झावळ्या, वाळलेल्या पोयी आणि नारळ काढून झालेल्या पेंडींचे दांडे पावसाआधी उतरवायलाच हवेत. यात तडजोड नाही. पण धोका या वाळक्या आणि पिकल्या भाराचा असतो. घट्ट बसलेल्या हिरव्या झावळीवर तो राग काढण्याचे कारण नाही. शिवाय हिरवा देठ कापला की ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. वादळाआधी केलेली सफाई अशा वेळी वादळानंतरचे दुखणे होऊन बसते.

'पाडेली मिळतो कुठे? आला आहे तर एकदाच सगळे उतरवून घ्यावे' हे तिसरे म्हणणे खरी अडचण सांगते, फक्त उपाय चुकीचा सुचवते. नारळ काढायला माणूस वर्षातून अनेकदा चढतोच. दर खेपेला दोन-चार वाळक्या झावळ्या काढल्या तर मे महिन्यात ढीग उरत नाही. शेवटची खेप एप्रिलअखेर व्हावी, कारण तौक्ते मेच्या मध्यावरच येऊन गेले होते. इशारा आल्यावर, ओल्या शेवाळलेल्या खोडावर माणूस चढवणे हा गुन्हाच समजावा. चढणाऱ्याच्या कमरेला स्वतंत्र दोर हवा, खाली पुरेशी जागा मोकळी हवी. जवळून वीजवाहिनी जात असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोयता चालवू नये. रसदार हिरवी झावळीही वीज वाहून नेते, ॲल्युमिनियमच्या काठीचे तर बोलायलाच नको. खोडावर खापा पाडून किंवा लोखंडी खिळ्यांचे बूट घालून चढणे म्हणजे न भरणाऱ्या जखमा करणे. त्यापेक्षा शिडी किंवा चढण्याचे यंत्र बरे. नारळ विकास मंडळ २०११ पासून त्याचे प्रशिक्षण देत आहे.

छाटणीने सगळे धोके जात नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. २०१७ च्या जुलैत चेंबूरमध्ये रस्त्याने जाणाऱ्या महिलेच्या अंगावर अख्खा माड कोसळला आणि तिचा जीव गेला. पोखरलेले खोड, काँक्रीटच्या कामात एका बाजूने तुटलेली मुळे, बुंध्याशी फाटलेली माती, अचानक आलेला कल यांवर झावळ्या कापणे हा इलाज नाही. असा माड तपासून, रीतसर परवानगी घेऊन काढावाच लागतो. उरलेल्या निरोगी माडांसाठी सोसायट्यांनी आणि ग्रामपंचायतींनी काम देतानाच लिहून द्यावे: वाळके आणि पिकलेले तेवढे उतरवायचे, हिरव्याला हात लावायचा नाही. खाली पडलेला ढीग मोठा दिसला म्हणजे काम चोख झाले, या समजुतीवर पैसे मोजणे थांबले, तर माडही टिकतील आणि त्यांच्याखालून जाणारी माणसेही.