मुलींचे मैदान

इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांची नावे आपल्या बेटावर लहान मुलांनाही पाठ असतात. तिथल्या महिला फुटबॉलची हकिकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे कारखान्यात काम करणाऱ्या मुलींच्या 'डिक, कर लेडीज' संघाचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक जमले. पुढच्याच वर्षी फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली.

२०११ मध्ये आठ संघांची 'विमेन्स सुपर लीग' सुरू झाली. तरीही कित्येक खेळाडू नोकरी सांभाळून सराव करत. २०१८ च्या हंगामापासून या लीगमधील प्रत्येक क्लबला पूर्ण वेळ पगारी खेळाडू ठेवणे बंधनकारक झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्सेनल व मँचेस्टर युनायटेडच्या महिलांचा सामना ६०,१६० प्रेक्षकांनी पाहिला.

प्रेक्षक शंभर वर्षांपूर्वीही होते. हिरावले गेले ते मैदान. म्हणून आम्ही आईवडिलांना एवढेच विनवतो, की आपली लेक चेंडू घेऊन अंगणात उतरली तर तिला घरात बोलावू नका.