माज, घास आणि दोन ग्राही

संगमनेर-राहात्याच्या पट्ट्यात दुधाच्या दराखालोखाल गोठेवाल्यांच्या तोंडी असलेला विषय म्हणजे गाय उलटणं. भरवली, २१ दिवसांनी पुन्हा माजावर. पुन्हा भरवली, पुन्हा उलटली. मग कोणीतरी सांगतं, ‘हार्मोन कमी पडतंय.’ ईस्ट्रोजेनच्या बाबतीत हा कमी-जास्तीचा हिशेब अपुरा आहे. माजाच्या ऐन भरातही गाईच्या रक्तात हे संप्रेरक मिलिलिटरला जेमतेम दहा पिकोग्रॅमच्या आसपास असतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. एवढ्याशा मात्रेवर थोराड जनावर दावं तोडायला बघतं, कारण तिची दखल घेणारे ग्राही पेशींत बसलेले असतात.

शिकागोत एलवुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं ईस्ट्रोजेन उंदरांच्या कोवळ्या माद्यांना टोचून पाहिलं. गर्भाशयात ते टिकून राहिलं, स्नायूंतून निघून गेलं. म्हणजे गर्भाशयात त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. १९८६मध्ये त्या ग्राहीच्या जनुकाची मांडणी उलगडली आणि पुढची दहा वर्षं सगळे एकाच ग्राहीच्या भरवशावर राहिले. १९९६मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत यान-ओके गुस्टाफसन यांच्या गटाला दुसरा सापडला, आणि तोही नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत! पहिला झाला अल्फा, दुसरा बीटा.

दोघांचे जनुक वेगळे. माणसात ते सहाव्या आणि चौदाव्या गुणसूत्रावर आहेत, गाईत नवव्या आणि दहाव्या. डीएनएला धरणारा भाग दोघांत जवळपास ९६ टक्के सारखा. संप्रेरकाला धरणारा भाग मात्र साठ टक्क्यांच्या आतच जुळतो. घासाचा मुद्दा या फरकातूनच निघतो, तो पुढे येईल.

अल्फा काढून टाकलेले उंदीर १९९३मध्ये तयार झाले. ते जगले, याचंच अनेकांना नवल वाटलं. माद्या वांझ निघाल्या आणि त्यांच्या स्तनांतल्या दुधाच्या नळ्या खुरटलेल्याच राहिल्या. कालवडीची कास भरते त्यामागे अल्फाचं काम किती मोठं, हे यावरून कळावं. बीटा नसलेल्या माद्यांना पिल्लं झाली, पण कमी. बीटाचं ठाणं मुख्यतः बीजांडाभोवतीच्या पेशींत. १९९४मध्ये अल्फा निकामी असलेला २८ वर्षांचा एक पुरुष अमेरिकेत नोंदला गेला: उंची २०४ सेंटिमीटर, हाडं ठिसूळ आणि तरीही वाढ चालूच. ईस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक, ही समजूत खरं तर तिथेच संपायला हवी होती.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत नफिसा बालासिनोर यांच्या गटाने नर उंदरांवर दोन्ही ग्राहींचं काम वेगवेगळं तपासलं. एका गटाला फक्त अल्फाला चेतवणारं औषध दिलं, दुसऱ्याला फक्त बीटाला चेतवणारं. साठ दिवसांनी शुक्राणू दोन्हीकडे घटले, पण कारणं वेगळी: अल्फाच्या गटात गोल पेशी लांबट शुक्राणू होण्याआधीच अडल्या, बीटाच्या गटात काही पेशी आधीच मेल्या आणि तयार झालेले शुक्राणू सुटेचनात.

गोठ्यातला माज पाहा. गाय हंबरते, बळस टाकते, दुसरी अंगावर उडाली तरी हलत नाही. अंडाशयात मोठा झालेला फोड ईस्ट्रोजेन सोडतो. मेंदूत प्रजननाची सूत्रं हलवणाऱ्या चेतापेशींत अल्फा नाहीच. तो त्यांच्या शेजारच्या किसपेप्टिन पेशींत आहे. ईस्ट्रोजेनचा निरोप या पेशींमार्फत पुढे जातो, पिट्युटरीतून एलएच या संप्रेरकाचा लोंढा सुटतो आणि माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी बीज सुटतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, हा नियम त्यामुळेच.

आता होल्स्टीन संकराची अडचण. अमेरिकेत विस्कॉन्सिनला मोजलं तेव्हा भरपूर दूध देणाऱ्या गाईंचा माज सरासरी सुमारे सहा तास टिकला, कमी दूधवालींचा अकरा. दूध जास्त म्हणून खाणं जास्त, यकृतातून रक्त जास्त फिरतं आणि ईस्ट्रोजेन तिथे भराभर मोडतं. ग्राही शाबूत, पण संप्रेरकच टिकत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’ या संकरित गाईतही निम्मं रक्त होल्स्टीनचं, उरलेलं जर्सी आणि गीरचं. अशी गाय रात्री दोनला माजावर येऊन सकाळी गप्प झाली, तर मालक ‘मुका माज’ म्हणून मोकळा होतो.

आणि घास. लसूणघासात कुमेस्ट्रॉल नावाचं वनस्पतिजन्य ईस्ट्रोजेन असतं. बीटाला ते चांगलंच चिकटतं. सोयाबीनमधलं जेनिस्टीन तर अल्फापेक्षा बीटाला कितीतरी घट्ट. मावा किंवा पानावर बुरशीचे ठिपके पडले की घासातलं कुमेस्ट्रॉल वाढतं. ऑस्ट्रेलियात १९४०च्या दशकात अशाच गुणाच्या क्लोव्हर गवतावर चरलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ झाल्या होत्या. म्हणून घास बंद करा, असं मी म्हणणार नाही. पण गाई सारख्या उलटत असताना ठिपक्यांनी भरलेला घास कुट्टीत घालणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

जनुक तपासून प्रजननक्षम जनावर निवडण्याच्या गप्पा आता जोरात आहेत. १९९६मध्ये डुकरांत अल्फाच्या जनुकाचा एक प्रकार जास्त पिल्लांशी जोडला गेला आणि बराच गाजावाजा झाला. पुढे दुसऱ्या जातींत तो परिणाम सगळीकडे दिसला नाही. गाईचं गाभण राहणं अनेक जनुकांच्या थोड्या थोड्या वाट्यावर चालतं. एका जनुकाने खरंच फरक पडल्याचं उदाहरण आपल्याकडे फलटणला आहे: निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक धनगरांच्या दख्खनी मेंढीत आणला. पण तो ईस्ट्रोजेनच्या ग्राहीचा जनुक नाही, दुसऱ्याच कुळातला आहे.